सतरा नंबरच्या लीलाबाई

माझ्या सासूबाईंनी माझा बिडाचा तवा भंगारवाल्याला दिला, ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले की ही सून फार गुणाची आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. तवा माझ्या आईने दिलेला होता. पंधरा वर्षं तेल पिऊन त्याला जी काळी तकाकी आली होती, ती इथे जर्मनीत, बॉनमध्ये, कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

तर लीलाबाई कुरणे. वय त्रेसष्ट, मुक्काम पोस्ट शिरोली, जिल्हा कोल्हापूर. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. त्या आठ जुलैला आमच्याकडे आल्या, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. पाच ऑक्टोबरला परत जायचं, हे येतानाच ठरलेलं. माझा नवरा अश्वजित इथे एका टेलिकॉम कंपनीत आहे, मी विद्यापीठात मातीवर संशोधन करते, आणि आम्ही राहतो लेंग्सडॉर्फला. बॉन शहराने हे गाव कधीच गिळलंय, पण गावाला ते अजून मान्य नाही.

आत्या येणार म्हणून अश्वजितने एक खुर्ची आणली होती. बटण दाबलं की पाठ मागे जाते आणि पाय वर येतात. "आई, सगळं आयुष्य कष्टात गेलं. आता नव्वद दिवस फक्त आराम," असं त्याने विमानतळावरच जाहीर केलं. आत्या त्या खुर्चीत दोनदा बसल्या. एकदा पाय वर जाताना, एकदा खाली येताना. मग त्यांनी तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल ठेवायला सुरुवात केली.

सासरे गेले तेव्हा अश्वजित सात वर्षांचा होता. त्याच महिन्यात आत्या शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत लागल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथूनच रिटायर झाल्या. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कोअर बनवायचे. पंप, नळ, वाल्व्ह, ज्या वस्तूला आत पोकळी लागते तिच्या साच्यात वाळूचा एक घट्ट गाभा ठेवावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. धातूचा रस त्याच्या भोवती जमतो. थिजला की कोअर ठोकून, भुगा करून, बाहेर काढून टाकायचा. म्हणजे आत्यांनी रोज शंभर-दीडशे वस्तू केल्या आणि त्यातली एकही आज जगात शिल्लक नाही. "माझं काम म्हंजे भोक," असं त्या स्वतःच सांगतात आणि हसतात.

प्रत्येक बाईला एक नंबर होता आणि तो कोअरवर खिळ्याने कोरावा लागे, म्हणजे माल खराब निघाला तर कुणाची हजेरी कापायची ते कळायचं. आत्यांचा नंबर सतरा. चांगल्या निघालेल्या मालातही सतरा असायचाच, पण तो आत, पोकळीच्या भिंतीवर, जिथे बघायला कुणी जात नाही.

आणि भट्टी होती पलीकडच्या शेडमध्ये. दाराशी जमिनीवर एक पिवळा पट्टा मारलेला होता, तो बायकांनी ओलांडायचा नाही. बाईची सावली पडली की हीट, म्हणजे भट्टीत चढवलेला धातू, बिघडते, असं भट्टीवाल्या मिस्त्रीचं म्हणणं. रोज चार वाजता ओतकाम व्हायचं आणि कोअरवाल्या बायका चहाचे पेले घेऊन पट्ट्याच्या अलीकडून बघायच्या. हे सगळं आत्यांनी मला अगदी मजेत सांगितलं होतं. मीही मजेत ऐकलं होतं. डॉक्टरेट असली म्हणून माणसाला सगळं वेळेवर कळतंच असं नाही.

आमच्या कुंपणापलीकडे हेर, म्हणजे श्रीयुत, नेटेकोवेन राहतात. वय बहात्तर, ट्रामच्या डेपोत फिटर होते, बायको चार वर्षांपूर्वी गेली. त्यांचा १९५६ सालचा एक हिरवा ट्रॅक्टर आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी गावात सुगीची मिरवणूक निघते, त्यात तो ट्रॅक्टर चव्वेचाळीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. गेल्या हिवाळ्यात मात्र ते त्यातलं पाणी काढून ठेवायला विसरले. पाण्याचा बर्फ झाला आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा वाकडा पाइप, म्हणजे एल्बो, मधोमध तडकला. तो पार्ट आता कुणी बनवत नाही. नेटेकोवेन म्हणाले, मग मी बनवतो. त्यांनी व्हिडिओ बघून पत्र्याच्या बादलीची गॅसभट्टी केली आणि गॅरेजमध्ये अॅल्युमिनियम वितळवायला लागले.

जुलैच्या शेवटी एका दुपारी मी घरी आले तर आत्या कुंपणाशी. नेटेकोवेनच्या भिंतीवर चार एल्बो ओळीने मांडलेले होते, चारही फसलेले. आत्यांनी हात लांब करून त्यातला एक परस्पर उचलला होता, भोकात डोळा घालून बघत होत्या, मग त्यांनी त्याचा वास घेतला. नेटेकोवेन पलीकडे उभे, चेहऱ्यावर ना राग ना हसू.

"कच्चा कोअर," आत्या मला म्हणाल्या. "सांग त्येला. भाजलाच न्हाई नीट. आन् वाफ जायला भोक कुठं ठेवलंय? आत कोंडली, मग रसातनं फुटून निघाली. बघ की, चाळण झालीया नुसती."

मी सांगितलं. नेटेकोवेननी दुसरा एल्बो उचलून स्वतः भोकात डोळा घालून बघितला. मग म्हणाले, "आल्झो, असं आहे तर. हे मला तीन महिने कळलं नाही आणि यांना वासावरून कळलं." त्यांनी फाटक उघडलं आणि हाताने आत या अशी खूण केली. आत्या त्यांना पहिल्या दिवसापासून नेटकेभाऊ म्हणायला लागल्या, कारण त्यांच्या गॅरेजमध्ये प्रत्येक पान्याची जागा भिंतीवर रेघ मारून ठरवलेली होती. मी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही.

नेटेकोवेनच्या भंगाराचा ढीग बघून आत्यांनी कपाळाला हात लावला. खिडक्यांच्या जुन्या चौकटी, पडद्याचे दांडे, एक शिडी. "ह्ये सगळं दाबून काढलेलं. ह्याचा रस आळशी असतोय, कोपऱ्यात जाईत न्हाई. ओतलेलंच पुन्यांदा ओताय घ्यावं. वाकतंय ते सोड, तुटतंय ते घे." एवढं सांगून त्या मला म्हणाल्या, "आणि तुला म्हणून सांगते, क्रांते. मला एकदा ओतायचं हाय. माझ्या हातानं. हितं पट्टा न्हाई." मग लगेच शिडीकडे वळल्या, जणू काही बोलल्याच नाहीत.

मी त्या रात्री जेवताना तीनदा अश्वजितला सांगायला तोंड उघडलं आणि तीनदा त्यात भातच घातला.

पुढचं काम, ओतीव भंगार मिळवणं. शनिवारी मी मोडका इस्त्रीचा स्टँड टाकायला वेर्टस्टॉफहोफला, म्हणजे नगरपालिकेच्या भंगार जमा करायच्या आवारात, निघाले. आत्या बरोबर आल्या. मी स्टँड हातात घेऊन योग्य कंटेनर शोधत होते, तोवर आत्यांनी दुसऱ्या कंटेनरमध्ये माझ्या छत्रीची मूठ अडकवून गवत कापायच्या मशीनचं अॅल्युमिनियमचं धूड वर ओढलं होतं. नारिंगी जाकिटातला माणूस धावत आला. इथे फक्त टाकायचं असतं, काढायचं नसतं. टाकलं की ते शहराचं झालं, आणि शहराच्या मालाला हात लावणं म्हणजे चोरी.

मी आत्यांना समजावलं. आत्यांना ते पटण्यासारखं नव्हतंच. शिरोलीत भंगारच्या वखारीत जाऊन माल हाताने निवडायचा असतो. न निवडता घेणाऱ्याला वेडा म्हणतात. "टाकलेलं कुणाचं असतंय व्हय?" त्या माणसाला त्यांनी मराठीत विचारलं. तो जर्मनमध्ये म्हणाला, नियम. आत्यांनी ते धूड परत ठेवलं, पण आधी उलटंपालटं करून, तुटलेल्या कडेचा दाणा बघून, "माल चांगला हाय तुमचा," असं प्रशस्तिपत्रक देऊन ठेवलं. या गोंधळात मी इस्त्रीचा स्टँड परत गाडीत टाकून घरी आणला. चूक माझी. तो टाकला असता तर पुढचं टळलं असतं.

कारण मंगळवारी बासरी वाजली. आमच्या भागात भंगारवाला छोटा ट्रक घेऊन गल्लीगल्लीतून फिरतो आणि त्याच्या कर्ण्यावर बासरीची एक टेप लावलेली असते. तेच चार सूर, सकाळभर. मी आठ वर्षं ती टेप ऐकतेय आणि आठ वर्षं वैतागतेय. आत्यांना मात्र तो माहेरचा माणूस वाटला. मी वरच्या बाथरूममध्ये होते. बाहेर येऊन खिडकीतून बघितलं तर खालचं दार सताड उघडं, आत्या रस्त्यावर, ट्रकच्या मागच्या फळीवर अर्ध्या चढलेल्या. भंगारवाला मिशीवाला आणि बेरकी, पण गिऱ्हाईक त्याच्याच जातकुळीचं निघाल्याने खूश. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि व्यवहारात काही अडत नव्हतं.

आत्यांनी एक तडकलेलं गाडीचं अॅल्युमिनियमचं चाक, दोन पिस्टन आणि एक इटालियन कॉफीची किटली निवडली. बदल्यात त्याला इस्त्रीचा स्टँड दिला. तो कमी पडतो म्हटल्यावर त्या घरात आल्या आणि माझा तवा घेऊन गेल्या. मी अंगावर धड कपडे चढवून खाली पोचले तोवर ट्रक वळणावर होता आणि बासरी लांब जात होती.

"बिडाचा हुता," आत्या म्हणाल्या. "जड. चांगला दर आला."

मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी नेटेकोवेननी त्या चाकाला भट्टीवर तापवलं, आत्यांनी सांगितलं तिथे हातोडा मारला, आणि चाकाचे बिस्किटासारखे तुकडे पडले. प्रत्येक तुकडा कानशीने घासून नेटेकोवेन त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकत होते. फसफसलं तर मॅग्नेशियम, ते भट्टीत गेलं तर आग. एकही तुकडा फसफसला नाही. आत्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. माझा राग गेला नाही, पण जरा सरकून बसला.

मग आला कोअर. नेटेकोवेननी कोअर घडवायला लाकडाचा दोन भागांचा साचा केला होता, इतका सफाईदार की आत्यांनी त्यावरून नुसता हात फिरवत ठेवला. बारीक कोरडी वाळू, तिला जवसाचं तेल, आणि चिकटपणाला शिरोलीत काकवी घालत. इथे काकवी कुठून आणणार? मी विचार करत होते आणि आत्यांनी नेटेकोवेनच्या न्याहारीच्या टेबलावरची पिवळी डबी उचलून बोट बुडवून चाखली. बीटचा पाक, रुबेनक्राउट. ऱ्हाइनकाठची माणसं तो लहानपणापासून पावाला लावून खातात. आत्यांनी दोन चमचे वाळूत ओतले. "माझ्या आजीला हे बघवलं नसतं," नेटेकोवेन म्हणाले आणि स्वतः तिसरा चमचा घातला. तो आत्यांनी परत काढला, कारण जास्त झाला तर वाफ धरतो.

वाकड्या कोअरमधून सरळ तार ओढता येत नाही, म्हणून वाफेच्या वाटेसाठी मेणाची दोरी आत दाबायची असते. ती भाजताना वितळून जाते आणि मागे भोक राहतं. माझ्या ड्रॉवरमध्ये वाढदिवसाच्या केकच्या मेणबत्त्या होत्या. आत्यांनी त्या हातात ऊब देऊन एकीला एक जोडल्या आणि वाकवून बसवल्या. शेवटी मला चहा करायला पाठवलं. मी परत आले तेव्हा त्या खिळा पुसून ठेवत होत्या. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

भाजणं माझ्या ओव्हनमध्ये, दोनशे डिग्रीवर. दीड तासाने जवसाच्या तेलाचा धूर छतावरच्या अलार्मपर्यंत पोचला आणि तो किंचाळायला लागला. अश्वजित त्या दिवशी घरून काम करत होता. मीटिंग अर्धी टाकून तो कानावर हेडफोन अडकवलेला तसाच बाहेर आला. मी स्टुलावर चढून अलार्मला टॉवेलने वारा घालतेय, आणि त्याची आई ओव्हनसमोर उकिडवी बसून, आत बघत, "अजून लालसर पायजे," म्हणतेय.

तिथेच मी सांगून टाकलं. आत्यांना ओतायचं आहे, एकदा.

"नाही," अश्वजित म्हणाला. "सातशे डिग्रीचा धातू असतो, क्रांती. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये हे बसत नाही. काही झालं तर? आई, तू इथे आराम करायला आलीस ना? तुझ्यासाठीच तर सगळं..." तो खुर्चीकडे हात करून थांबला. खुर्चीवर टॉवेल होते.

"बरं," आत्या म्हणाल्या.

त्या 'बरं'ने माझं डोकं फिरलं. रागावल्या असत्या, रुसल्या असत्या तर मी नवऱ्याची बाजू घेतली असती, कारण त्याचं काही खोटं नव्हतं. पण ते 'बरं' इतक्या सवयीचं होतं, इतकं तयार होतं, की मिस्त्रीला सव्वीस वर्षं हेच मिळालं असणार हे मला स्पष्ट दिसलं. आणि मला त्यांच्या फौंड्रीच्या गमती ऐकून आलेलं हसू आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

मी सरळ नेटेकोवेनकडे गेले. रस्त्यात भाषण तयार केलं होतं. वय त्रेसष्ट असलं तरी हात खंबीर आहेत, बाई असल्या तरी, वगैरे. त्यांनी मला दुसऱ्या वाक्यावर थांबवलं.

"बुटाची साइझ काय?"

"काय?"

"सेफ्टी शूज. पुढे लोखंडी टोपी असलेले. सुती कपडे, नायलॉन नाही. चामड्याचा एप्रन आणि तोंडावरचा व्हायझर माझ्याकडे आहे. बुटांशिवाय माझ्या गॅरेजमध्ये कुणी रसाची मूस उचलत नाही, राष्ट्राध्यक्ष आले तरी."

त्यांनी कागदावर यादी करून दिली. नऊ कलमं होती आणि बाई हा शब्द एकातही नव्हता.

आत्यांचा पाय पस्तीस नंबरचा. हार्डवेअरच्या दुकानात सगळे बूट बेचाळीसच्या पुढे. तिसऱ्या दुकानात छत्तिसाचा एक जोड मिळाला, गुलाबी नाडीचा. आत्यांनी दोन जोड मोजे घातले आणि दुकानातच पाय आपटून बघितला. घरी त्यांनी अश्वजितची जुनी जीन्स घातली, पाय चार वेळा दुमडून, आणि आरशासमोर उभ्या राहून इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. जन्मात पहिल्यांदाच लुगड्याशिवाय, असं म्हणाल्या. मग तीन संध्याकाळी नेटेकोवेननी त्यांच्याकडून सराव करून घेतला. मुशीत तेवढ्याच वजनाची कोरडी वाळू भरायची, सांडशीने उचलायची, चार पावलं, ओतायची. पहिल्या दिवशी निम्मी वाळू जमिनीवर सांडली. तिसऱ्या दिवशी नेटेकोवेन म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर.

अश्वजितला मी सांगितलं नाही. पण गुलाबी नाडीचे बूट दाराशीच होते आणि तो आंधळा नाही. त्याने बूट उचलून बघितले आणि परत ठेवले.

शनिवार, वीस सप्टेंबर. दुपारची तीनची वेळ, कारण एक ते तीन आमच्या गल्लीत शांतता पाळायची असते. भट्टी फुरफुरत होती. नेटेकोवेननी गॅरेजच्या दारात जमिनीवर लाल-पांढरी टेप चिकटवली होती. पायात बूट असेल तोच आत. मी स्वतःसाठी प्रयोगशाळेतले बूट आणले होते, त्यामुळे मी आत. चाकाचे तुकडे, पिस्टन, किटली, सगळं मुशीत एकजीव झालं होतं. नेटेकोवेननी वरची मळी पळीने काढली आणि बाजूला सरकले. आत्यांनी सांडशी धरली.

तेवढ्यात दारात अश्वजित आला. धावत आला असावा, कारण पायात घरातल्या चपला होत्या.

"आई, थांब."

तो आत यायला निघाला आणि नेटेकोवेननी हात आडवा केला. मान हलवून त्याच्या पायांकडे बोट केलं, मग टेपकडे. अश्वजितने खाली बघितलं. चपलांची टोकं टेपला टेकली होती. त्याने आईकडे बघितलं, परत टेपकडे. त्याला तो पिवळा पट्टा आठवला असणार. लहानपणी सुट्टीत तो डबा घेऊन जायचा तेव्हा त्याची आई पट्ट्याच्या अलीकडेच उभी असायची. तो एक पाऊल मागे सरला आणि हाताची घडी घालून तिथेच उभा राहिला.

आत्यांनी मूस उचलली. चार पावलं. रस लोखंडाच्या रसासारखा लाल नव्हता. चांदीसारखा होता आणि अजिबात आवाज करत नव्हता. कोअर आत बसवलेल्या वाळूच्या साच्यावर त्या वाकल्या आणि एका धारेत, न थांबता, ओतत राहिल्या. मधे हात अडखळला की मालात सांधा राहतो, हे त्या पट्ट्याच्या अलीकडून बघून शिकल्या होत्या. साच्याच्या कडेला, जिथून मेणबत्त्यांची वाट बाहेर येत होती, तिथे बोटाएवढी निळसर ज्योत पेटली. कोअरमधली वाफ नीट बाहेर पडत होती.

"श्वास घेतोय," आत्या व्हायझरच्या आतून म्हणाल्या. साचा भरल्याची खूण म्हणून दुसऱ्या भोकात रस वर आला तशी त्यांनी मूस सरळ केली, परत चार पावलं, जागेवर ठेवली. मग त्यांनी व्हायझर वर केला. त्या रडत होत्या आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मीही रडत होते, पण मी प्रयोगशाळेचा चष्मा काढला नाही.

मिरवणुकीत ट्रॅक्टर निघाला, तास-दीड तास चालला आणि एल्बोतून थेंबभर पाणी गळलं नाही, हे इथेच सांगते, कारण महत्त्वाचं त्याआधी घडलं.

तासाभराने साचा फोडला. भट्टी विझली होती, टेप काढली होती, अश्वजित आत आला होता. आत्यांनी एल्बो ठोकला आणि आतून कोअर भुगा होऊन सांडला, एका दमात, सगळा. नेटेकोवेननी तोंडाशी टॉर्च धरून बघितलं. भिंत गुळगुळीत, चाळण कुठेच नाही. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. तोंडापासून दोन इंच आत काहीतरी उंचवटा होता. खरवडल्यासारखा. त्यांनी भिंतीवरची गोल कानस काढली, पाण्याच्या वाटेत अडथळा नको म्हणून. मी सहज टॉर्च घेतला आणि आत बघितलं.

"हेर नेटेकोवेन, ती कानस ठेवा."

आत अक्षरं होती. लीला. सुलटी, वाचता येतील अशी. कोअरवर सुलटं कोरलं तर मालावर उलटं उमटतं, म्हणून आत्यांनी कोअरवर उलटं कोरलं होतं, मी चहा करत होते तेव्हा.

"सतरा उलटा काढायची सवय हाय मला," आत्या जरा ओशाळून म्हणाल्या. "म्हटलं, ह्यावेळी नाव काढू. पाण्याला आडवं येत असंल तर काढा म्हणावं."

मी नेटेकोवेनना सतराचं सगळं सांगितलं. नंबर कशासाठी होता, कुठे असायचा. त्यांनी ऐकून घेतलं, कानस तिच्या रेघेत भिंतीवर परत लावली, आणि म्हणाले, "पाणी वाट काढतं."

अश्वजितने एल्बो हातात घेतला. तो अजून कोमट होता. त्याने टॉर्च घेतला नाही. तर्जनी आत घातली आणि हळूहळू फिरवली, ल, मग वेलांटी, मग पुन्हा ल, मग काना. परत पहिल्यापासून. चाळिशीला आलेला माणूस, पहिलीतलं पोर पाटीवर गिरवतं तसा आईचं नाव गिरवत होता आणि आम्ही तिघं त्याला बघत उभे होतो.

"आई, तू कधी बोलली नाहीस. की तुला तिकडे, भट्टीवर..."

"तू कधी इचारलं न्हाईस," आत्या म्हणाल्या. रागाने नाही. आहे तसं. मग त्यांनी त्याचं बोट भोकातून बाहेर काढलं, काळं झालेलं, आणि जीन्सच्या कापडावर पुसलं. "जा, हात धू. भूक लागलीया. भाकरी टाकते."

फाटकाशी पोचल्यावर त्यांना आठवलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नॉनस्टिकवर टाकते."